विझते कधी, ते सांग

आई, तुझ्या बेकरीतल्या भट्टीने मला कतारमध्ये, दोह्यात वाचवलं, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. मी इथे आले तेव्हा तुला जाऊन चार वर्षं झाली होती. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागले. वर्ल्ड कपची तयारी ऐन भरात होती आणि आमच्याकडे स्टेडियमचे कठडे रंगवायला यायचे. रंगाची पावडर फवारायची आणि गॅसच्या भट्टीत भाजायची. तुझ्या नानकटाईसारखंच, फक्त वास घाण. त्या भट्टीची पायलट, म्हणजे आत सतत तेवणारी छोटी ज्योत, मध्येच विझायची. ती विझली की सेन्सर गॅस बंद करायचा आणि अर्धवट भाजलेले कठडे खरवडून पुन्हा रंगवायला लागायचे. आम्ही सेन्सर बदलला, रेग्युलेटर बदलला, नळ्या साफ केल्या, तरी तेच. मी हात टेकले. मॅनेजर रोज येऊन डोक्यावर बसायचा. "सेन्सर को वायर मार के बायपास करो, खलास. माल जाना चाहिए." अशी तार जोडली की ज्योत असो वा नसो, गॅस येतच राहतो.

तार म्हटलं की आपल्या सातपूरच्या बेकरीतली ती दुपार आठवते. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, अंगात शहाणपणा मावत नव्हता. आपल्या भट्टीची ज्योतही अशीच विझतेय, बटण दाबून दाबून तुझा अंगठा दुखतोय, म्हणून मी तुझ्या जुन्या साडीची चिंधी फाडून ते बटण दाबलेलंच बांधून टाकते. शाबासकीची वाट बघत उभी आहे. तू चिंधी ओढून काढतेस आणि गिऱ्हाइकांसमोरच ओरडतेस, "अगं शहाणे, ज्योत गेली की गॅस बंद व्हावा म्हणून ते बटण वर येतं! मला जाळायचंय का?" मग मला भट्टीसमोर उलट्या डब्यावर बसवतेस. "विझते कधी, ते सांग. का विझते ते मग बघू." तासाभराने कळलं. ट्रे काढून तू दार लावलंस तर काही व्हायचं नाही. मी आपटलं की ज्योत जायची. तू एक गरम नानकटाई माझ्या हातावर ठेवलीस. तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. पुढे इंजिनिअर झाले, पण हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही.

इथे वर्कशॉपमध्ये त्या दिवशी मला जेवण जाईना. डबा तसाच बंद करून मी भट्टीवर काम करणाऱ्या वयस्कर बिहारी कारागिराशेजारी जाऊन बसले आणि तुझाच प्रश्न विचारला.

"भैया, ये बुझती कब है?"

"शटर गिराने के बाद, मॅडम. हवा चलती है तो धूल रंग में चिपकती है, इसलिए गिराते हैं."

"पहले क्यों नहीं बताया?"

"किसी ने पूछा नहीं."

वर्कशॉपचं शटर बंद झालं की एग्झॉस्ट फॅनला हवा मिळेना, मग तो ती भट्टीच्या धुराड्यातून उलटी ओढायचा आणि ज्योत जायची. आम्ही भिंतीत खिडकी पाडली, तिला धुळीसाठी फिल्टर लावला. त्यानंतर ज्योत विझली नाही. सगळ्यांच्या जिवात जीव आला. कारागीर मुद्दाम माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "शुक्रिया, मॅडम. आप न पूछतीं तो ये लोग वायर लगा ही देते."

आई, तुझे उपकार मी विसरत नाही. तुझ्यासारखी ओरडणारी आई मिळाली म्हणून ती माणसं वाचली, असं मी अजून घरी सगळ्यांना सांगते. पण एवढंच खरं नाही. तार त्या दिवशी सकाळीच जोडून झाली होती, आणि ती मी जोडली होती. तू आठवलीस ती त्यानंतर. जेवणापर्यंत तो माणूस त्या भट्टीसमोर उभा होता, आणि वारा पडलेला होता म्हणून शटर उघडं राहिलं आणि ज्योत विझली नाही, एवढंच. त्याचं बोलणं ऐकल्यावर मी धावत जाऊन ती तार उपटून खिशात घातली. कुणी पाहिलं नाही. त्याने शुक्रिया म्हटलं तेव्हा मी हसून मान डोलावली.