थैलीतलं कार्ड

टॉमिनटूल,
११ नोव्हेंबर १९७९

प्रिय मार्सली,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा सोडला तर बरा. डंडीतला तुझा पत्ता पोस्टातल्या बाईंकडून घेतला. चुकीचा निघाला तर हे कोणाच्या हातात पडेल, या काळजीने दोन दिवस लिहिलं नाही.

तुझे वॉटीकाका गेल्या मंगळवारी गेले. झोपेतच गेले. शनिवारी पुरलं. पाऊस होता. पेटी खाली सोडायचे दोर भिजून जड झाले होते. माझा निसटतो की काय, असं सारखं वाटत होतं. निसटला नाही.

त्यासाठी किल्ट बाहेर काढला. मागे कसर लागली आहे, पण कोटाखाली दिसत नाही. कमरेच्या थैलीचं सील प्राण्याचं कातडं मात्र अजून तुकतुकीत आहे. किल्टला खिसा नाही, तेव्हा रुमाल, चष्मा, पेपरमिंट, सगळं तिच्यात. आणि लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय ती उघडत नाही, म्हणून मागच्या वेळचं आत तसंच राहतं. चर्चमध्ये गोळी काढायला हात घातला, तर तुझ्या आईच्या मयताच्या वेळचं एक कार्ड हाताला लागलं. दोराचं, पेटीचा कुठला दोर कोणी धरायचा ते लिहिलेलं.

हाताला लागलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. कागद एवढाच आहे म्हणून खोडत नाही. ते तिथे आहे, हे मला नऊ वर्षं ठाऊक होतं.

आठही दोरांची कार्डं आईने अंथरुणात बसून स्वतः लिहिली. एक नंबर, डोक्याकडचा, माझा. दोन नंबरवर, पायांकडच्या, तुझं नाव. मी म्हटलं, "अगं जेसी, बाई कुठे दोर धरते का?" ती म्हणाली, "सहा महिने माझे पाय तिने शेकले. तू एक मोजा तरी चढवलास? दोर तीच धरेल."

चर्चच्या दारात कार्डं वाटताना वॉटीने ते पाहिलं. सगळ्यांसमोर हसला. "काय रे लॅकी, घरातले पुरुष संपले?" मी कार्ड थैलीत टाकलं आणि झाकण दाबलं. तेवढ्यात तू आलीस. "बाबा, माझं?"

मी म्हणालो, "तुझं नाही. आईने लिहिलंच नाही."

तू मान हलवलीस आणि मागे बायकांत जाऊन उभी राहिलीस.

खड्ड्याशी वाकलो तर थैली पुढे लोंबायला लागली. समोरून, तुझ्या जागेवरून, वॉटी कुजबुजला, "कमरेवर सरकव रे ती, नाहीतर जेसीच्या आधी तीच खाली जायची." मी सरकवली.

तुझ्या लग्नाला मी म्हणूनच तपकिरी पँट घालून आलो. सासरचे सगळे किल्टमध्ये, आणि नवरीचा बाप पँटीत. तू म्हणालीस, "आज तरी नीट यायचं होतंत." जावई पसंत नाही म्हणून मी मुद्दाम केलं, असं तुला वाटलं. जावई चांगला आहे. मला ती थैली बांधायची नव्हती, आणि थैलीशिवाय किल्ट घालत नाहीत.

वॉटीला दोष देऊ नकोस. तो नुसता हसला. खोटं मी बोललो.

कार्ड सोबत पाठवतो आहे. दुमडलेलं नाही. तुझ्या नावाचं शेवटचं अक्षर कडेबाहेर गेलं आहे, तिचा हात तेव्हा फार थरथरत होता.

माझी कार्डंही मी लिहून ठेवली. डॉक्टर काही म्हणत नाहीत, पण मला काळजी वाटते. एक नंबरवर तुझं नाव घातलं आहे. ते थैलीत ठेवलेलं नाही. घड्याळाला टेकवून ठेवलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. काल पोस्टमनने वाचलं. म्हणाला, "मुलगी धरणार?" मी म्हटलं, "तिची मर्जी."

येशील का, हे विचारत नाही. पण तिथे दुसऱ्या कोणाचं नाव घालणार नाही. डोक्याकडचा दोर कोणी धरला नाही तर पेटी कलते, ही एक काळजी आहेच.

आलीस तर जड जाणार नाही. मी बराच वाळलो आहे.

आईने तुझं नाव लिहिलं होतं, हे सांगायला नऊ वर्षं लावणारा,
तुझा बाप
लॅकलन