सातव्या बिल्ल्याखाली

३ फेब्रुवारी, सोमवार

चौतीस वर्षं उलटली आणि आज पहिल्यांदा अशा खोलीची किल्ली हातात आली, जिच्यात माझ्याशिवाय दुसरं कुणी राहत नाही. दादाच्या घरी मला कपाटाचे दोन कप्पे होते. त्यातला एक भाचीच्या रंगपेट्यांनी कधीच बळकावला. इथे अख्खं कपाट, एक खिडकी, फळ्यांचा पलंग आणि खिडकीबाहेर नदी. सामान लावून झाल्यावर मी चक्क गाणं म्हटलं. मोठ्याने. कुणी भिंतीवर थाप मारली नाही.

कामही मनासारखं आहे. नदीतून बेकायदा वाळू उपसतात अशी तक्रार एका निवृत्त नर्सबाईंनी कोर्टात केली. न्यायाधीशांनी उपशाला स्थगिती दिली. पर्यावरण कार्यालयाचे साहेब शपथेवर सांगतात की तेव्हापासून उपसा बंद आहे, नर्सबाई म्हणतात रोज चालू आहे. मग कोर्टाने समिती नेमली आणि समितीने मला. पंधरा दिवस नदीचा तळ मोजायचा आणि सतरा तारखेच्या सुनावणीला वही हजर करायची. एवढ्या कमी दिवसांच्या कामाला दुसरं कुणी तयार होईना म्हणे. माझं नशीब!

४ फेब्रुवारी, मंगळवार

मदतीला एक काका मिळाले आहेत, पूर्वीचे नावाडी. मितभाषी माणूस, पण हात स्थिर. मोजणीत तेच महत्त्वाचं.

नदीवर आडवी तार ताणलेली आहे आणि तारेला पत्र्याचे नऊ बिल्ले. प्रत्येक बिल्ल्याखाली काका पाच मीटरची पट्टी तळाला टेकवून उभी धरतात. मी काठावरून दुर्बिणीतून आकडा वाचते. आकडा दुर्बिणीच्या उंचीपासून तळापर्यंतचा असतो, त्यातले नव्वद सेंटिमीटर पाण्याच्या वरचे; आकडा मोठा, म्हणजे तळ खोल. मी आकडा ओरडायचा, त्यांनी पट्टीवर बोट ठेवून तो परत म्हणायचा. परत म्हटला तर खरा. मग मी तो पेन्सिलीने लिहायचा, खोलीवर येऊन शाईने पक्का करायचा, आणि त्यापुढे दोन सह्या: वाचणाऱ्याची आणि पट्टी धरणाऱ्याची. जो धरेल त्याचीच सही. खाडाखोड चालत नाही. न्यायाधीशांनी बजावलंय, एक ओळ खोटी निघाली तर अख्खी वही रद्दीत.

दुर्बीण जुनी आहे, तिच्यात सगळं उलटं दिसतं. काका आभाळाला पाय लावून लटकल्यासारखे दिसतात. त्यांना सांगितलं तर ते इतके हसले की पट्टी हलली. दटावावं लागलं.

सातवा बिल्ला सोडून बाकी सगळीकडे तळ जवळ आहे. सातव्याखाली मात्र नाव न्यावी लागली. ४.२०! म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी जेमतेम डोकं बाहेर. भोवती दोन हातांवर गुडघाभर पाणी, आणि मधे हा खड्डा.

५ फेब्रुवारी, बुधवार

कपाटात आधीच्या मोजणीदारांची वही सापडली, साहेबांच्या कार्यालयाची. काय अक्षर आहे! मोत्यांसारखं. मी माझ्या अक्षराचा तोरा मिरवते, पण या माणसापुढे मी पाटीवर गिरवणारी. त्यांचं नाव ठेवलंय ‘मोतीवाले’.

पण सातव्या बिल्ल्याखाली मोतीवाल्यांनी दोन महिने रोज एकच आकडा लिहिलाय. १.४०. म्हणजे गुडघाभर पाणी. नदीचा तळ इतका शिस्तीचा कधीच नसतो. खोलीत बसून लिहिलेले आकडे आहेत हे कुणीही ओळखेल. शेवटची ओळ अर्धी आहे. तारीख आहे, बिल्ला सात आहे, आकडा नाही. पट्टी धरणाऱ्याच्या सहीचा रकाना कोरा.

काकांना विचारलं हे गृहस्थ कुठे असतात. त्यांनी कानावर हात ठेवले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नर्सबाई येऊन गेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले, हातात कागदांची पिशवी. त्यांची विहीर आटली, शेजाऱ्यांची आटली, पुलाचा एक खांब उघडा पडला. तीन वर्षांत त्यांनी एकोणीस अर्ज दिले. उत्तर एकच, कार्यवाही सुरू आहे. वाळूच्या पकडलेल्या बोटी संध्याकाळी सुटतात आणि गुन्हा अज्ञात इसमांवर, असं त्या म्हणाल्या. अज्ञात इसम रोज त्यांच्या दारावरून ट्रक नेतात आणि वर हात हलवतात.

पहिल्या दिवशी ४.२० होतं आणि सतरा तारखेला त्याहून खोल निघालं, तर स्थगिती मोडली हे सिद्ध होईल. तसं झालं तरच काही होणार. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, बाळ, सातवा सोडू नकोस. आईनंतर मला कुणी बाळ म्हटलं नव्हतं. त्या गेल्यावर उगीच रडू आलं.

९ फेब्रुवारी, रविवार

काका दाराबाहेरच उभे राहिले. आत बोलावलं तर आले नाहीत. हात जोडून म्हणाले की जावई ट्रकवर आहे, लेकीला सासरी नांदायचं आहे, मी उद्यापासून येणार नाही. रागावणार होते, पण त्यांचे जोडलेले हात थरथरत होते. ते कधीच थरथरले नव्हते.

नावही त्यांच्याबरोबर गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

समितीला फोन केला. फोन जिन्याच्या वरच्या पायरीवरच लागतो. दुसरा माणूस नाही म्हणाले, पट्टी तीन पायांच्या तिकाटण्यावर उभी करा, स्वतः वाचा, दोन्ही सह्या स्वतः करा. आठ बिल्ल्यांचं जमलं. पाण्यात जा, पट्टी उभी करा, काठावर या, वाचा, परत जा. पाय सोलवटले. सातव्यापुढे लिहिलं: नाव नाही, मोजले नाही.

परत म्हणणारं कुणी नसलं की आकडा ओरडताना वेड्यासारखं वाटतं. तरी ओरडते. सवय.

दादाचा फोन लागला. भाचीचा वाढदिवस होता, मागे गोंगाट होता. नंतर करतो म्हणाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाणवठ्यावर कपडे धुणाऱ्या बायका मला पाहून पुढच्या वळणावर जातात. दुकानदार पैसे घेतो, माल देतो, तोंडाला कुलूप. आज दिवसभर मी फक्त आकडे बोलले.

पण एक गंमत झाली. पाचव्या बिल्ल्याला ओरडले, एक बेचाळीस. आणि नदीवरून परत आलं, एक बेचाळीस. प्रतिध्वनी! एवढा खड्डा खणल्यावर आवाज घुमणारच. खरं सांगू, बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रतिध्वनी नाही.

तिसऱ्या बिल्ल्याला मी ओरडले, एक सदतीस. परत आलं, एक सत्तेचाळीस. पुरुषाचा आवाज, शांत, जरा खोकल्यासारखा. मी पुन्हा डोळा लावला. एक सत्तेचाळीसच होतं. ऊन डोळ्यावर होतं, मी चुकले होते.

भर सकाळचे दहा. दोन्ही काठांवर चिटपाखरू नाही.

घाबरले. पण तो बरोबर होता, हेही लिहायला हवं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब आले, गाडी घेऊन. गोड माणूस. पोरी, कशाला उन्हात पाय सोलतेस, म्हणाले. चार वीस होतं ना, चार वीसच लिही, तळ तोच आहे, तू घरी, आम्ही घरी. मी म्हटलं पाहून लिहीन. ते हसले. आधीचेही मोजणीदार हुशारच होते, म्हणाले.

दुपारी नर्सबाईंना गाठलं आणि पिच्छाच पुरवला. मग त्यांनी सांगितलं. मोतीवाले दोन महिने खोलीतून आकडे लिहीत होते, साहेबांच्या सांगण्यावरून. एक दिवस अचानक निरोप आला, कोर्टाचा माणूस तपासणीला येतोय. साहेब म्हणाले, आधी मला दाखव मोजून. साहेब दुर्बिणीशी बसले, मोतीवाले पट्टी घेऊन पाण्यात उतरले. सातव्या बिल्ल्याखाली गुडघाभर पाणी आहे हे त्यांनी स्वतःच साठ वेळा लिहिलं होतं. त्याच भरवशावर पाऊल टाकलं.

सापडले नाहीत. कागदावर ते रजेवर आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आठही आकडे त्याने परत म्हटले. मी ‘बरोबर?’ असं विचारलं. आकड्यांखेरीज तो काही बोलत नाही.

दादाला सांगणार होते. फोन लागला, वहिनीने घेतला. तुझे कप्पे आवरून ठेवलेत, आता भाचीचे कपडे तिथे असतात, म्हणाली. बरं, म्हटलं मी.

पूर्ण दिवसात माझ्याशी कुणी नीट बोललं असेल तर तो एकटाच. हे लिहिताना अंगावर काटा येतोय, पण खोटं कशाला लिहू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पट्टी काल तिकाटण्याला बांधून नदीत ठेवली होती. सकाळी दाराशी टेकवलेली. ओली. तिच्या तळाशी चार मीटर खालचा काळा चिखल. असा चिखल फक्त सातव्याखाली —

आज गेले नाही. वहीत लिहिलं: प्रकृती बरी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नर्सबाईंचा निरोप. नऊ नावाड्यांना विचारलं, एकही येत नाही. त्या उद्या अकराला वही न्यायला येतील, तिथून थेट कोर्टात. सातव्याचं काय ते तूच बघ.

दुपारी तीनला टेबलाशी बसले. उद्याच्या ओळीत, सातव्यापुढे, पेन्सिलीने लिहिलं: ४.२०. फक्त शाई फिरवायची. सकाळची पहिली बस धरायची. साहेब खूश, मी सुटले. लिहिताना सवयीने मोठ्याने म्हटलं, चार वीस.

नदी गप्प.

पुन्हा म्हटलं.

मग खिडकीखालून, अगदी जवळून — चार पंच्याऐंशी.

खिडकी लावली. अक्षर बघा, ओळ सोडून पळतंय. मोतीवाले हसतील.

तेही असेच बसले असतील. याच टेबलाशी. पेन्सिल घेऊन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठ. बस गेली. मी नाही गेले.

४.२० खोडरबराने पुसलं. रकाना कोरा आहे. ४.२० लिहिलं तर कोर्ट म्हणणार उपसा थांबला, आणि त्या बाईंची तीन वर्षं मातीत जाणार. त्यांनी मला बाळ म्हटलंय.

साडेनऊ. आठ बिल्ले झाले. आठही परत म्हटले गेले. काठावर बसून लिहितेय. सातवा राहिला. पट्टी तिकाटण्यावरून सोडवून वाळूवर ठेवली. पोहत न्यावी का —

पट्टी नाही. आत्ता इथे होती.

सव्वादहा. पट्टी सातव्या बिल्ल्याखाली उभी आहे. खड्ड्यात, सरळ. तिकाटणं इथे माझ्या पायाशी आहे. काकांपेक्षाही स्थिर धरलीय. नुसत्या डोळ्यांना धरणारं कुणी दिसत नाही.

दुर्बिणीतून पाहिलं.

दोन हात. पांढरे, सुरकुतलेले. त्यामागे चेहरा. दुर्बिणीत सगळे उलटे दिसतात, पंधरा दिवस सगळे उलटे दिसले. हा सरळ दिसला. म्हणजे तिथे तो उलटा —

आकडा वाचला. ओरडले. चार पंच्याऐंशी.

परत म्हणाला, चार पंच्याऐंशी.

लिहिलं. खरा आकडा आहे. पंचाहत्तर सेंमी नाही, पासष्ट — पासष्ट सेंटिमीटर, स्थगिती असताना. जिंकल्या नर्सबाई! रडतेय मी.

माझी सही केली.

दहा पस्तीस. दुसरी सही. पट्टी धरणाऱ्याची. मी धरली नाही. मी केली तर ओळ खोटी, वही रद्दीत. कोरी ठेवली तरी —

ओरडले. सही राहिली. सवयीने ओरडले, कसं सुचलं कोण जाणे.

पट्टी हलली.

दहा चाळीस. सहाव्या बिल्ल्याखाली आहे. सरळच धरलीय. पाचव्या. पाणी तिथे गुडघाभर, तरी पट्टीशिवाय काही —

आता दुर्बीण नको. वाळूवर पाऊल उमटतंय. ओलं. एक. मग दुसरं.

वही गुडघ्यावर उघडी धरलीय. पेन पुढे केलंय. नर्सबाई, पळाले असते, पण मग सही कुणी —

पेन घेतलं. बोटं थंडगार. काय अक्षर आहे, मोत्यांसार —

सही झाली. पेन परत दिलं. हात सोडत नाही. माझा हात —