दोन्ही पाय सारखेच गेले होते

प्रिय बाबा,

उद्या सोनिवलीला तुमचं श्राद्ध आहे, आणि उद्याच मी आत्याला खरं काय ते सांगून टाकणार आहे. त्याआधी तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसले. नऊ वर्षं ती चारचौघांत म्हणते, "हिनं खिरकी उघरली नि माजा भाव गेला." परवा माझ्या सासूबाईंसमोरही म्हणाली. आता पुरे झालं.

आठवतं ना? उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी उभे असतानाच तुमचे पाय लटपटले. दोघांनी धरून रिक्षातून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी उठताच येईना. आत्या म्हणाली, अंगावरून वारं गेलं. मग आपल्याकडची रीत: पारव्याच्या रक्ताचं मालीश, अंगावर घोंगडी, दारं-खिडक्या घट्ट बंद. वारं गेलेल्या माणसाला वारा लागता कामा नये.

मी तेव्हा अंबरनाथला बारावी सायन्सला. मज्जासंस्थेचा धडा नुकताच झाला होता. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते, डावी उजवं. म्हणून मेंदूत बिघाड झाला की लकवा बहुतेक एकाच अंगाला मारतो. तुमचे तर दोन्ही पाय सारखेच गेले होते, तोंड सरळ, बोलणं स्वच्छ. मी आत्याला तेवढंच विचारलं.

"चार बुकं शिकलीस म्हंजे डागतर झालीस का गो?"

मी गप्प बसले. पण तुम्ही का गप्प बसलात, बाबा? सगळ्या गावाशी भांडायचात, थोरल्या बहिणीपुढे मात्र तोंडातून शब्द नाही! हातातून पेला सुटला तेव्हाही "होईल बरं" म्हणालात.

तिसऱ्या दिवशी म्हणालात, "गुदमरतंय गो, खिरकी उघर." आम्हाला वाटलं, खोली कोंदट आहे म्हणून. आत्या पाणी आणायला गेली तशी मी खिडकी सताड उघडली. वारा आला. तुम्ही तोंड उघडून तो घ्यायला बघत होतात, पण छाती जेमतेम हलत होती. तेव्हा मी ओरडले, आणि शेजाऱ्यांच्या टेम्पोत घालून तुम्हाला उल्हासनगरला नेलं.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय उडाला नाही. आत्या जिन्यावर बसून नवस बोलत होती, म्हणून ते माझ्याशीच बोलले. मेंदू शाबूत, मज्जारज्जू शाबूत, पण तिथून बाहेर निघणाऱ्या नसा बिघडल्यात. नसेत चेतापेशींचे लांब तंतू असतात, त्यांवर मायलिनचं वेष्टन, विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं. ते वेष्टन शरीरानंच खाल्लंय, पायांपासून चढत चढत श्वासाच्या नसांपर्यंत. "दोन दिवस आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले. संध्याकाळी तुम्ही गेलात.

हेच उद्या सांगायचं होतं. आत्या, खिडकीनं नाही, तुझ्या बंद खोलीनं घात केला. वाक्यं पाठ करून ठेवली होती.

पण वरचं सगळं सकाळी लिहून कॉलेजात शिकवायला गेले, आणि बारावीला तोच धडा शिकवला. फळ्यावर चेतापेशी काढली, पेशीकाय, तंतू, वेष्टन, आणि ते वेष्टन घालणाऱ्या श्वॉन पेशी. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वेष्टन गेलं तर परत येतं?" येतं, म्हटलं. तंतू शाबूत असेल तर श्वॉन पेशी पुन्हा वेष्टन घालतात. महिने लागतात, पण माणूस उठून चालतो. फळा पुसताना एकदम उमगलं. वेळेवर नेलं असतं, तोवर मशीनवर श्वास मिळाला असता, तर तुम्ही बरे झाला असता, बाबा!

हे आत्याला कसं सांगू? त्या तीन दिवसांत तिनं पाठ टेकली नव्हती. तुमचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली होती. माझ्यावरच्या रागावर तिनं नऊ वर्षं काढली, तो काढून घेतला तर ती कशावर जगेल? आणि मी तरी कुठे दुसऱ्यांदा विचारलं होतं?

म्हणून शब्द देते. उद्या ती बोलेल तेव्हा "चुकलंच माझं, आत्या" म्हणेन आणि तिच्या पानात वाढेन. तुम्ही बरे झाला असता, हे ती असेपर्यंत तिला कळू देणार नाही. पुढेमागे तुमची गाठ पडली, तर तुम्हीही तिला सांगू नका.

तुमची,
मंदा