ओट्याची उंची

१२ सप्टेंबर

सिंकखालच्या कपाटाचं दार आज हातात आलं! ओढलं नव्हतं, नुसता हात लावला. बिजागऱ्यांचा गंजून भुगा झालाय. प्लाय म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट. आत पांढरी केसाळ बुरशी आणि साबणाच्या डब्याखाली गंजाचं गोल वर्तुळ.

ही दारात बसून बघत होती. म्हणाली, "सुटलं बिचारं एकदाचं."

दारात म्हणजे उंबऱ्याच्या अलीकडे. चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या चौकटीतून आत जात नाही, दोन बोटांनी अडते. मणक्याच्या ऑपरेशननंतर हिचे पाय गेले ते गेलेच. घरी आणल्यापासून ही रोज सकाळी तिथे येऊन थांबते आणि स्वयंपाकाच्या बाईंना बाहेरून सांगते – हळद वरच्या फळीवर, झाकणं मागे, तो डबा नाही, शेजारचा. लग्न झाल्यापासून ज्या खोलीत वावरली, तिच्या दाराशी पाहुण्यासारखी बसते! मला बघवत नाही.

ठरलं. स्वयंपाकघर नवीन करायचं. मलमपट्टी नाही, सगळं. हिच्या मापाचं. खुर्चीत बसल्या बसल्या शेगडी, नळ, डबे सगळं हाताशी आलं पाहिजे. हिला तिचं राज्य परत मिळालं पाहिजे.

१४ सप्टेंबर

शोरूमला जाऊन आलो. आत एवढी थंडी की बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरली. टाय लावलेला एक तरुण मागे मागे फिरत होता. दरवाजे आपोआप मिटतात, खण आपोआप सरकतात. स्वयंपाक तेवढा आपोआप होत नाही!

विचारलं, "समुद्र आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. हे टिकेल?"

"सर, लाइफटाइम."

"कुणाचा?"

तो हसला. बिचारा प्रामाणिक निघाला – म्हणाला, खाऱ्या हवेला किचनमध्ये एसी लावला तर बरं. म्हणजे ओट्यासाठी एसी, आणि आम्ही बाहेर घामाने निथळतोय. आकडा सांगितला पाच लाखांच्या आसपास. चहा प्यायलो, आभार मानले, निघालो.

१५ सप्टेंबर

बसून आराखडा केला. निवृत्तीच्या पैशातून तीन लाख. वर एक पै नाही. हिच्या उपचारांसाठी ठेवलेल्या रकमेला हात लावायचा नाही, घर पडलं तरी नाही.

प्लाय बाद. कितीही महागडा घेतला तरी इथली हवा त्याला पावसाळ्याभरात फुगवणार. लाकडी दारं बाद. खाली उघड्या जागा ठेवायच्या, हवा खेळती राहील आणि हिची खुर्चीही ओट्याखाली शिरेल. वर दगडी फळ्या. चकचकीत काही नको. वाचलेले पैसे तीन गोष्टींत घालायचे: चांगलं स्टील, वाफ बाहेर फेकणारा दणकट पंखा, आणि चौकट रुंद करणं.

नाही, चौकट रुंद नाही – काढूनच टाकायची! दार हवंय कुणाला?

१७ सप्टेंबर

खिशात लोहचुंबक घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बर्फाच्या कारखान्यात मशिनवर आयुष्य गेलं. 'स्टेनलेस' म्हणून विकलेलं काय काय गंजतं ते पाहिलंय. न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. बिजागरीला चुंबक लावला, चिकटला. दुसरीला लावला, तिलाही चिकटला. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचंय की प्रयोग करायचाय?"

"न चिकटणारी घ्यायचीय."

आतून आणून दिली. तिप्पट किमतीची. घेतली. खिडकीपुरत्याच लागणार आहेत, कपाटांना दारंच नाहीत!

१८ सप्टेंबर

दुपारी ही खुर्चीत डुलकी काढत होती. टेप घेऊन गुडघ्यापासून जमिनीपर्यंत, कोपरापासून जमिनीपर्यंत मापं घेत होतो. डोळे न उघडता म्हणाली, "शिंप्याचा धंदा कधी सुरू केलात?"

दचकलो. म्हटलं, "कळेल."

"स्वयंपाकघराचं चाललंय ना?"

"तू काही विचारू नकोस. फक्त बघत राहा."

"बरं," म्हणाली. आणि पुन्हा डोळे मिटले. तेवढंच. मला वाटलं होतं, निदान टाइल्सचा रंग तरी विचारेल.

मन मारून जगायची सवय लागलीय हिला. मोडून काढीन ती सवय.

२१ सप्टेंबर

गवंडी आला. भिंतीवर मूठ आपटली, रंगाचा पोपडा खाली. मागे मिठासारखी पांढरी पूड. म्हणाला, ओल बाहेरून येतेय. आधी बाहेरची भिंत खरवडून नवा गिलावा आणि पाणी अडवणारा थर, मग आतलं काम. नाहीतर सगळं मातीमोल.

मी हुज्जत घातली. म्हटलं, ही वाफेची ओल आहे, पंखा बसला की जाईल. तो शांतपणे म्हणाला, "तुमचं घर, तुमचे पैसे."

संध्याकाळी बाहेर जाऊन स्वतः भिंतीला गाल लावून पाहिला. थंडगार ओला. वरून कडक ऊन, आणि भिंत ओली! त्याचं बरोबर आहे.

बाहेरच्या भिंतीचे पन्नास हजार अंदाजात नव्हते. आता काय?

२२ सप्टेंबर

आता काय म्हणजे काय – जमवायचे! ग्रॅनाइटऐवजी साधा काळा दगड. टाइल्स छतापर्यंत नाहीत, ओट्यापासून दोन हात वर, पुढे चुना. सरकते खण सगळे रद्द. आणि जुनं सगळं फोडायचं काम मी स्वतः करणार. मजुरी वाचेल.

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात, पण तिचा आवाज घरभर. "बाबा, तुम्ही? घण घेऊन? कंबर आहे की नाही तुम्हाला?"

"आहे. आणि एकच आहे, म्हणून जपून मारीन."

"आईला विचारलंत का, तिला काय हवंय?"

"तिला काय हवंय ते मला माहीत नसेल?"

"तुम्ही विचारा तरी एकदा," म्हणाली.

या पोरीला सगळ्याच गोष्टींची मीटिंग घ्यायची असते.

२५ सप्टेंबर

फोडलं! जुना ओटा, जुन्या टाइल्स, कपाटं. तोंडाला फडकं बांधूनही नाकात धूळ. कपाटामागे झुरळांचं अख्खं गाव वसलेलं होतं, परागंदा झालं. हाताला फोड आलेत. कंबर बोलतेय, पण तिचं ऐकायला वेळ नाही.

शेगडी-बिगडी सगळी मागच्या व्हरांड्यात मांडली. एक शेगडी, एक टेबल, दोन बादल्या. बाईंनी पाहिलं, म्हणाल्या, "इथे? माझ्याच्यानं नाही व्हायचं. काम उरकलं की बोलवा." आणि गेल्या!

२६ सप्टेंबर

भात केला. खालून कोळसा, वरून कच्चा, मधे थोडासा भात. त्या मधल्यावर दोघांनी भागवलं.

२७ सप्टेंबर

हिने आज खुर्ची व्हरांड्यात लावून घेतली. "पाणी किती घातलंत?"

"अंदाजे."

"कुणाच्या अंदाजे?"

मग बोटाच्या पेराने माप घ्यायला शिकवलं. आच कधी कमी करायची, झाकण कधी उचलायचं नाही. मी सारखं उचलत होतो. "अहो, तो पळून जाणार नाहीये!" ओरडली. मग हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

भात झाला. भातासारखा भात!

मीठ दमटपणाने गोळा झालं होतं, काड्या पेटत नव्हत्या, वारा आच विझवत होता – पण झाला.

१ ऑक्टोबर

बाहेरच्या भिंतीचं काम चालू. आत कोरडं होईपर्यंत थांबायचं. गवंडी घाई करत नाही, मी करतो.

स्वयंपाक आता माझ्याकडेच लागलाय. बटाट्याची भाजी जमली. अंडी जमतात. डाळ कधी पातळ, कधी विटेसारखी. ही शेजारी बसते, पेपर वाचते, मधेच नाक वर करून म्हणते, "करपतंय." नेहमी बरोबर. आज डाळीचा पहिला घास घेऊन थांबली. विचारलं, "काय कमी आहे?"

"काही नाही. गरम आहे."

"निववून देऊ?"

"नको हो. गरम आहे म्हणून तर..." वाक्य सोडून दिलं.

कळलं मला. हिचे हात शिवशिवतायत. माझी धडपड बघत बसायची म्हणजे हिला किती जड जात असेल. थोडेच दिवस! लवकरच पळी तुझ्या हातात असेल.

६ ऑक्टोबर

भिंत कोरडी! गाल लावून पाहिला, आतूनही, बाहेरूनही. गवंडी बघत होता. म्हणाला, "काका, भिंतीचे मुके किती घेणार?"

नव्या ओट्याच्या विटा रचायला घेतल्या. बसल्या माणसाच्या मापाने – नेहमीपेक्षा जवळजवळ वीतभर खाली. खाली पोकळी. चौकट काढली. खुर्ची आता आत जाते, मी स्वतः बसून चाकं मारत आत-बाहेर करून पाहिलं. खर्च अंदाजाच्या पाच हजार वर गेलाय. माझं नवं घड्याळ राहू दे. वेळ जुन्यातही कळते.

९ ऑक्टोबर

विटांचं काम पुरं. दगड परवा बसणार. आज हिला आत नेलं. डोळ्यांवर हात ठेवून! तिने ठेवू दिला, हेही नवल.

"उघड आता."

पाहत राहिली. भिंती, खिडकी, पंख्याचं गोल भोक, खालच्या उघड्या जागा. हात लांब करून विटांच्या वरच्या थरावर ठेवला. कोपर बरोबर टेकलं. मी म्हटलं, "बघ! शेगडी इथे. नळ इथे. वाकायला नको, कुणाला हाक मारायला नको. सगळं तुझ्या हाताशी."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मीही जरा बाहेर जाऊन नाक शिंकरून आलो. कंबर, फोड, टायवाला, चुंबक – सगळं वसूल! जेवताना ती फारशी बोलली नाही. असू दे. आनंदालाही वेळ लागतो पचायला.

१० ऑक्टोबर

सकाळी चहा दिला तर म्हणाली, बसा. बसलो.

म्हणाली, "मला नाही आवडत हो स्वयंपाक. कधीच नाही आवडला. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले आता उभं राहता येणार नाही, तेव्हा सगळे रडत होते. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीये? सुटले. मग स्वतःचीच लाज वाटली. कुणाला सांगणार?"

मी म्हटलं, "मग रोज दारात बसून बघायचीस ते?"

"बाईंना डबे सापडायचे नाहीत म्हणून."

'मग काल रडलीस ते?' हे विचारवलं नाही. तिनेच सांगितलं. "वाटलं, पुन्हा जुंपलं."

मी रिकामा कप उचलला. मग ती हळूच म्हणाली, "बाई सकाळीच करून जायच्या, जेवायच्या वेळी सगळं गार. या व्हरांड्यात मी जन्मात पहिल्यांदा ताटावर बसून गरम खाल्लं. केलेलं दुसऱ्याने, मी नुसती बसलेली. तुमची डाळ वाईट असते. पण गरम असते."

गवंड्याला फोन केला. दगड थांबव, विटांचे थर वाढव, ओटा वीतभर वर घे.

"अहो काका, मग काकूंना कसा पुरणार?"

म्हटलं, "काकूंना नाही. मला."