सिद्ध करण्याची अट रद्द

मी, खाली सही करणारी, पोलादी दोरांच्या कारखान्यातील चाचणी विभागाची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मुलांचं मत वेगळं असू शकतं.

१. माझे यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात अशी अट होती की, देव आहे किंवा नाही, हे माझा थोरला किंवा धाकटी यांपैकी जो कोणी पुराव्यानिशी सिद्ध करील, त्यास राहते घर मिळावे. आमचे हे गेल्यानंतर प्रार्थनेवरून दोघं जेवणाच्या टेबलावर असे भांडले की ताटं निवून गेली. अट घातली की गप्प बसतील असं मला वाटलं. दोघं उलट कामालाच लागले.

२. थोरला इंजिनिअर आहे. त्याने पुस्तकांचा ढीग आणून माझ्या उशाशी रचला. धाकटी नर्स आहे. माझं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, तेव्हा ती रिपोर्ट नाचवत आली.

"आई, मी सारखी प्रार्थना करत होते. आता आणखी काय पुरावा हवा तुला?"

"शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठीपण कुणीतरी करतच होतं ना?" थोरला म्हणाला. "ती गेली."

धाकटी रिपोर्टची घडी घालून निघून गेली. तेव्हापासून दोघं वेगवेगळ्या दिवशी मला भेटायला येतात. एक येणार म्हटलं की दुसऱ्याला काम निघतं. गाठीपेक्षा मला याचीच धास्ती होती.

३. पुराव्यांबाबत माझा निर्णय असा. कारखान्यात आम्ही दोराच्या प्रत्येक भेंडोळ्याचा तुकडा कापून तो तुटेपर्यंत ताणायचो आणि मगच बाकीचा दोर लिफ्टला जायचा. धाकटीकडे तुकडा एकच, तोही तिच्या आवडीचा. थोरल्याचा मुद्दा बिनतोड होता, पण तो तिथे काढायची गरज नव्हती. माझ्यापुरतं म्हणाल तर बुद्धीला पटेल असा पुरावा मला अजून मिळालेला नाही. मरताना माझं मत बदलेल, अशी आशा धाकटीने ठेवू नये.

४. आमच्या यांना मी नेहमी डिवचायची, "तुमच्या देवाचा एवढासा तुकडा आणा, ताणून बघते." हे नुसते हसायचे आणि खिडकीजवळच्या ठेंगण्या स्टुलावर प्रार्थनेला जाऊन बसायचे. शेवटच्या दुखण्यात मी विचारलं, "आता तरी खात्री आहे ना तुम्हाला?"

"नाही गं," हे म्हणाले. "खात्री असती तर रोज कशाला बसलो असतो? तू लिफ्टमध्ये शिरताना हात जोडतेस का?"

मला वाटलं, तापात बोलताहेत. मला ऑपरेशनला नेत होते तेव्हा धाकटीने माझा हात धरला होता आणि "सगळं नीट होईल ना?" असं ती डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारत होती. पुराव्यानिशी सर्जनवर भरवसा ठेवणारा थोरला दाराशी उभा राहून नखं खात होता. तेव्हा यांचं बोलणं मला कळलं. सगळा संसार मी खात्री असलेल्या एका माणसाशी वाद घातला आणि तो माणूस आमच्या घरात नव्हताच. स्ट्रेचरवर मला हसू आलं. भूल चढली असेल, असं तिथल्या नर्सला वाटलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

५. सबब, राहते घर थोरला व धाकटी यांना समान हिश्श्याने, विनाअट मिळावे. बँकेतील ठेवही तशीच. स्टूल खिडकीजवळच राहील. त्यावर प्रार्थना करावी, पेपर वाचावा, नुसतं बसावं. हलवू मात्र नये.

६. माझं भिंग नातीला द्यावं. शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांनी नेलेली शिडी परत आणावी. तिचा मात्र पुरावा माझ्याकडे आहे. खालच्या पायरीवर माझी आद्याक्षरं कोरलेली आहेत.

७. वकीलबाईंनी मसुद्याच्या शेवटी 'ईश्वरसाक्ष' असे लिहिले होते. मी दोघांना फोन करून विचारलं. धाकटी म्हणाली, "राहू दे ना, आई." थोरला म्हणाला, "काढून टाक." मग त्यावरून त्यांनी एकमेकांना फोन केला. भांडायलाच केला, पण केला. दोघांचीही तक्रार ऐकून वकीलबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी पदराने डोळे पुसले आणि त्या शब्दाबाबत पुढीलप्रमाणे ठरवले.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: शिक्क्यावर आहे तोच

सही: (आई)

साक्षीदार पहिला: चाचणी विभागातील माझा जुना सहकारी. शब्दाला पक्का, अक्षर वाईट.

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरील डॉक्टरीणबाई.

साक्षीदार तिसरा: त्या शब्दाची ही जागा मी जाणूनबुजून रिकामी ठेवीत आहे. इथे काय लिहावं यावरून मुलांनी खुशाल भांडावं, मात्र फोनवर नाही. याच टेबलाशी, समोरासमोर बसून, आणि ताटं निवायच्या आत.