कल्पनाची पाच मिनिटं

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
शनिवारी व्हाइटफील्डच्या हॉटेलात लीडरशिपचं वर्कशॉप केलं. चाळीस जणांत लिफ्ट दुरुस्त करत करत मालक झालेला मी एकटाच. शिकवणारी मुलगी म्हणाली, बॉसनं ऐकायला शिकावं. हसू आलं. आठव्या मजल्यावर बेअरिंग गेलंय हे मी तळमजल्यावर उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगतो. तरी संकल्प : माणसाला नावानं हाक मारायची. पूर्ण दोन मिनिटं बोलू द्यायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

संध्याकाळी.
नावांची जरा अडचण. बावीस मेकॅनिक, आणि मी सगळ्यांना साइटवरून ओळखतो. 'हॉस्पिटल' म्हणजे सुशांत निघाला. चार वर्षं आहे म्हणे.

४ मार्च.
कल्पनानं पाच मिनिटं मागितली. कुठली लिफ्ट बंद, कुठला मेकॅनिक जवळ, सगळं तिच्या डोक्यात. अकरा वर्षं. ती नसली तर बावीसच्या बावीस जण ऑफिसात चहा पीत बसतील. प्रॅक्टिसला उत्तम संधी. मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावला. म्हणाली, सर, आम्ही देवनहळ्ळीला राहायला गेलोय. देवनहळ्ळी म्हटल्यावर मला माझी पहिली लिफ्ट आठवली. तिथल्या गोदामातली, मालाची. चामराजपेटहून चाळीस किलोमीटर सायकलनं गेलो होतो, हँडलला टूलबॅग. गोष्ट रंगली. टायमर कधी वाजला कळलंच नाही. ती म्हणाली, बरं सर. छान कनेक्ट झालं.

७ मार्च.
कल्पना पुन्हा. आज फक्त मान डोलवायची, ठरलेलं. म्हणाली, वेळेबद्दल एक रिक्वेस्ट होती. म्हटलं, वेळेबद्दल तू बोलूच नकोस, तुझ्याइतकं वक्तशीर इथं कोणी नाही. कौतुक ताबडतोब करावं असं नोट्समध्ये आहे. ती थँक्यू सर म्हणून जागेवर परत गेली. भारावली असावी.
जेवताना सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, पण तिला हवं काय होतं? नसत्या तपशिलात शिरायची बायकोची जुनी सवय.

१२ मार्च.
कल्पनाचा राजीनामा. ईमेलवर. कारण वैयक्तिक. ऑफिसातलं सगळं माझ्या कानावर असतं, हे कसं आलं नाही? शिवाप्पाला बोलावलं. माझा पहिला मेकॅनिक. म्हणाला, अण्णा, ती लिफ्ट असती तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.
शिवाप्पालाही वर्कशॉपला पाठवावं. टोमणे फार मारतो.

२० मार्च.
कल्पनाला थांबवायचंच. केबिनमध्ये बोलावून काय काय बोलायचं ते लिहून काढलं. चार पानं झाली. मग तिच्यासमोर वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर तिला फोन आला, कुठल्याशा सोसायटीत लोक अडकले होते. गेली.

२८ मार्च, शुक्रवार.
कल्पनाचा शेवटचा दिवस. केक. सगळ्यांसमोर म्हटलं, तुला जे सांगायचं होतं ते आज सांग, मी एक शब्द बोलणार नाही. टायमर टेबलावर ठेवला. म्हणाली, सर, दहा ते सातच्या ऐवजी आठ ते पाच हवं होतं, या वेळच्या ट्रॅफिकमध्ये रोज जायला-यायला पाच तास लागतात. तेवढंच. आता घराजवळ मिळालंय.
सोळा सेकंद. आठ ते पाच तर मी उभ्या उभ्या दिलं असतं.
एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद उरले होते. मग मीच सायकलची गोष्ट सांगितली.
कल्पनानं शेवटपर्यंत ऐकली. मध्ये एकदाही बोलली नाही.