दोन चाकं की तीन

सोमवार, ४ मार्च

आज ह्यांचं पुन्हा सायकल! दात घासताना सायकल, चहा पिताना सायकल, मी कामाला निघाले तर दारात उभं राहून सायकल. "व्यायामवाल्या मुलीला विचारलंस का?"

विचारलं. ती म्हणाली, "काकांना तीन चाकांवर बसायला हरकत नाही. दोन चाकांचं मात्र नाव काढू नका." ह्यांनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं.

अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने होत आले. डावा पाय ओढत का होईना, चालतात. डावा हात मात्र रुसलाय तो रुसलाच. त्या हाताने ब्रेक कसा दाबणार, हे मी विचारायचं नाही. विचारलं की तोंड भिंतीकडे.

मला तरी कुठे काय विचारायचंय! दिवसभर लाँड्रीत इस्त्री धरून उभं राहायचं, घरी येऊन ह्यांची अंघोळ, मालिश, जेवण. आज जरा पाठ टेकली तर चपला पायातच राहिल्या.

बुधवार, ६ मार्च

सायकल जिन्याखालीच आहे. पुसते मीच. पाणीखात्यातली सगळी नोकरी ह्यांनी तिच्यावर काढली — घरोघर जाऊन मीटर वाचायचं. कुठलं कुत्रं अंगावर येतं, कुठल्या आजी आधी पाणी विचारतात, कोणाचं मीटर झुडपात दडलंय, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाले तरी सकाळी एक फेरी व्हायचीच. कशाला? तर "बघून येतो." काय बघायचे देव जाणे.

आता खिडकीतून माझं जाणं-येणं बघतात.

शनिवार, ९ मार्च

लेकीचा फोन. "आई, नवीन तीनचाकी घेऊन टाक ना सरळ. किती दिवस बाबा त्या लोखंडाला कुरवाळत बसणार?" फोन स्पीकरवर होता! मी खुणा करतेय, पण तिला कुठे दिसणार.

मग तिने फोटो पाठवला. पुढे ऐसपैस बैठक, मागे भली मोठी जाळीची टोपली. ह्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. म्हणाले, "ही सायकल नाही, भाजीचं दुकान आहे. मला वर मांडून विकणार आहात का?"

मी हसले. खूप दिवसांनी एवढी हसले. तर हे चिडले — मी हसले म्हणून!

रविवार, १० मार्च

सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. तिचे निम्मे भाग त्यानेच बदललेत आजवर. विचारलं, हिलाच काही करता येईल का?

"करता सगळं येतं, वहिनी. मागे दोन्ही बाजूंना आधाराची चाकं लावतो. दोन्ही ब्रेक उजव्या हाताशी घेतो. पण खरं सांगू? लहान मुलांना ती चाकं ठीक आहेत. दादांचं वजन, त्यात वळण... माझं मन घेत नाही."

"मग नवीच घ्यायची?"

"ते मी सांगितलं तर दादा म्हणतील, माल खपवतोय."

म्हणजे सांगायचं मी. घरी येऊन सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. ह्यांना ऐकू आलं ते एवढंच — करता येतं!

बुधवार, १३ मार्च

सायकलवाल्याला लाव म्हटलं. लाव बाबा. नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं.

शनिवार, १६ मार्च

चाकं लागली. संध्याकाळी गल्लीत ह्यांनी तिच्यावर बसून बघायचं ठरलं. सायकलवाला एका बाजूला, मी दुसऱ्या. पाय टाकायला वेळ लागला, पण बसले. निघाले. आम्ही सोबत धावतोय. "सोड! सोड म्हणतोय ना!"

सोडलं.

सरळ रस्त्यावर काय सुरेख गेले! मान ताठ, खांदे मागे. झटक्याच्या आधीचा माणूस चाललाय असं वाटलं मला. मी तोंडावर हात धरून उभी.

मग वळण आलं. डावीकडचं छोटं चाक वाकलं आणि सायकल सावकाश, अगदी सावकाश कलंडली. टेकायला डावा हात आलाच नाही. कोपर सोलून निघालं.

हे आधी हसले. मग आजूबाजूला पाहिलं. बाल्कन्यांत माणसं उभी होती. मला हळूच म्हणाले, "उचल मला. लवकर उचल."

रविवार, १७ मार्च

बोलत नाहीत.

मंगळवार, १९ मार्च

अजून नाही. व्यायामवाली मुलगी आली, तिला दारातूनच परत पाठवलं. "बरं वाटत नाही म्हणून सांग." मी सांगितलं. तिला कळलं असावं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, आणि मला उगाच रडू आलं.

एक गोष्ट लिहून टाकते. हे पडले तेव्हा मी घाबरले, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ आत काहीतरी सुटल्यासारखं झालं — संपलं एकदाचं, आता सायकल नाही, भीती नाही. बरं वाटलं मला. नवरा रस्त्यावर पडलेला आणि मला बरं वाटलं!

इतकी थकलेय का मी?

शुक्रवार, २२ मार्च

कोपराची खपली धरली. बाकी सगळं तसंच.

सोमवार, २५ मार्च

कामावरून आले तर दार नुसतं लोटलेलं. पलंग रिकामा. काठी नाही. न्हाणीघर बघितलं, जिन्याखाली बघितलं, शेजारचं दार वाजवलं. शेजारीण म्हणाली, "मघाशी खाली उतरताना दिसले. मला वाटलं, तुम्ही आहात बरोबर."

एकटे! आठ महिन्यांत हे एकटे उंबऱ्याबाहेर पडले नाहीत.

धावत सुटले. हे सायकलवाल्याकडे सापडले. दुकानाच्या दारात एका तीनचाकीवर बसलेले, आणि त्याच्याशी तावातावाने भांडतायत — ब्रेक इतका कडक कशाला, घंटा उजवीकडे हवी. घामाने शर्ट भिजलेला. चालत आले होते! एवढं अंतर, काठी टेकत.

मी जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सायकलवाला आत जाऊन ट्यूबमध्ये हवा भरत बसला.

हे शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "ही माझी सायकल नाही."

"मग उतरा!"

"ऐक तरी. माझी नाहीच ही. पण पडत नाही. दोनदा मुद्दाम वळवून बघितली." मग खाली बघत म्हणाले, "तू रोज उचलतेस मला. पलंगावरून, खुर्चीतून. त्या दिवशी रस्त्यावरून उचललंस तेव्हा तुझे हात कापत होते. मला जाणवत होतं ते."

मी म्हणाले, "घंटा उजवीकडे लावून घ्या."

रविवार, ३१ मार्च

तीनचाकी आली, फोटोतल्यासारखी मागे भली मोठी टोपली असलेली. जिन्याखाली लावेपर्यंत कठडा खरवडला. जुन्या सायकलची बैठक काढून हिला बसवलीय, तेवढा हट्ट झालाच. उरलेली सायकल दुकानातच ठेवली. "सुटे भाग कुणाच्या कामी येतील," असं म्हणाले खरे, पण येताना मागे वळून बघितलं नाही.

दुपारी हे निघाले. "कुठे?" "बघून येतो."

मी खिडकीत उभी राहिले. वळणावर दिसेनासे झाले. मग लक्षात आलं, घरात कोणी नाही. कोणी हाक मारणार नाही. पंख्याखाली आडवी झाले ती थेट घंटा वाजल्यावरच उठले. तोंडावर उशीची घडी उमटलेली. हे बघून म्हणाले, "चांगली झोपलीस गं."

गुरुवार, ४ एप्रिल

रोज जातात. परवा येताना ब्रेड आणला, काल माझं डोकेदुखीचं मलम. व्यायामवाली मुलगी म्हणते, पाय सुधारतोय. हात नाही.

मी अजून थकलेलीच आहे. एका सायकलने कुठे एवढं भरून निघणार.

गुरुवार, ११ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बघवत नाही. मंगळवारी लाँड्रीत ओल्या फरशीवर पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. मालकीणबाईंनी घरी फोन केला. लेकीला कळवतील, शेजारणीला पाठवतील, असं मला वाटलं. तर हे स्वतः हजर! मला मागच्या टोपलीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. दर वळणाला मागे बघायचे, "आहेस ना?"

दीड महिना प्लास्टर. आज सकाळी ह्यांनी माझी वेणी घातली. डाव्या हाताने बट धरायची, उजव्याने गुंफायची. सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. मी मान हलवली नाही.

मग राहिली.